चार हजार शहाण्णव ठिपक्यांतलं एक नाव

एकशे अठ्ठावीस आडवे, बत्तीस उभे. गुणाकार चार हजार शहाण्णव. एवढ्या ठिपक्यांवर गेली काही वर्षं माझं घर चालतं. केडगावात आमच्या गल्लीत मला अजून ‘बोर्डवाले’ म्हणतात, कारण पूर्वी मी दुकानांचे दिव्यांचे बोर्ड करायचो. त्याआधी नगरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि कॅलेंडरांचे रंग वेगळे काढायचो. आता मी काय करतो हे गल्लीत नीट कुणालाच ठाऊक नाही. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा खिडकीतून डोकावून म्हणाले, "अहो, सकाळी बघितलं तेव्हा तुम्ही एका माशाची शेपटी रंगवत होता. आता चार वाजले. अजून शेपटीच?"

आतून सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "डोळा परवाच झाला, मास्तर. तोंड पुढच्या आठवड्यात."

तर हा धंदा काय आहे ते आधी सांगतो. पिनबॉल नावाचा एक खेळ आहे. पलंगाच्या निम्म्या आकाराचं, खेळणाऱ्याकडं उतरतं टेबल, वर काच, आत पोलादी गोळी. स्प्रिंगचा दांडा ओढून गोळी वर सोडायची. ती ठोकळ्यांवर आपटत, गुण मिळवत खाली येते. खाली दोन छोटी पाती असतात. दोन्ही बाजूंची बटणं दाबून त्या पात्यांनी गोळी परत वर उडवायची. चुकली की दोन पात्यांमधून गेली. टेबलाच्या डोक्याशी एक उभी पेटी असते आणि तिच्यात एक लांबट पडदा. त्यावर गुण दिसतात, मधेमधे छोटी हलती चित्रं दिसतात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये हा पडदा काचेचा, आत वायू भरलेला. त्याला एकच रंग माहीत होता, नारिंगी. बंद, मंद, मध्यम, प्रखर अशा चारच पायऱ्या.

ही मशीन परदेशात लोक घरी हौसेनं सांभाळतात. त्यांना आता तो पडदा रंगीत हवा असतो. जुन्या काचेच्या जागी नवा एलईडीचा पडदा बसतो आणि त्याच्या मागं एक कार्ड. मशीन जे नारिंगी चित्र पाठवतं ते कार्ड ओळखतं आणि मी भरून ठेवलेल्या रंगांत दाखवतं. एका मशीनमध्ये अशी हजारो चित्रं असतात आणि प्रत्येकाला हातानं रंग द्यावा लागतो. एका चित्राला मी सोळा रंग घेतो. सोळा पुरतात. छापखान्यात तर चार शाईंवर मी देवांपासून द्राक्षांपर्यंत सगळं काढलं होतं.

माणसं तऱ्हेवाईक भेटतात. एका परदेशी गृहस्थाच्या मशीनमध्ये कुरणात चरणारी गाय होती. मी ती घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दिसते तशी लालसर तांबडी रंगवली, शिंगांना थोडा राखाडी दिला. त्यांचं उत्तर आलं की चित्र उत्तम आहे, पण ही कुत्र्याची कुठली जात? त्यांच्याकडं गाय म्हणजे काळीपांढरी. मी बदलून दिली. पण तांबडीची प्रत माझ्याकडं आहे, आणि अजूनही मला तीच गाय वाटते.

एक गोष्ट मात्र बारकाईनं सांगायला हवी, कारण पुढची हकिकत तिच्यावर उभी आहे. कार्ड चित्र ओळखतं ते त्याच्या ठिपक्यांवरून. एक ठिपका जरी इकडचा तिकडं झाला, तरी कार्डाला ते चित्र अनोळखी होतं आणि जुन्या नारिंगीतच राहतं. गुण तर सारखे बदलतात. म्हणून चित्राचा जो भाग बदलता असेल तो ओळखीतून वगळायचा, कार्डाला सांगायचं की एवढ्या भागाकडं बघू नकोस. मी त्याला पदर घालणं म्हणतो. या कामात नवा आलेला प्रत्येक जण पदर विसरतो, आणि मग त्याचे रंग फक्त गुण अमुक इतके झाले तरच दिसतात, एरवी नाही. बदलत्या मजकुरावर पदर घातलाच पाहिजे, हा आमच्यातला पहिला नियम.

माझी सगळी गिऱ्हाइकं परदेशातली. फक्त एक सोडून. ते श्रीरामपूरचं.

माझ्या कामाची एक चित्रफीत मी मराठी ओळ लिहून मोबाईलवर टाकली होती. ती बघून एका बाईंचा फोन आला. शीला साळवे, श्रीरामपुरात नर्स. "दादा, असलं मशीन आमच्या घरी आहे," म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही. त्यांनी फोटो पाठवला. खरंच होतं. समुद्राखालच्या खजिन्याचं मशीन. तेच मॉडेल मी आधी एका परदेशी गिऱ्हाइकासाठी रंगवलेलं होतं. माशाची शेपटी त्यातलीच.

शीलाताईंचे वडील ऑगस्टीनकाका. स्टेशनजवळ त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मुंबईतल्या एका मोडीत निघालेल्या हॉटेलातून त्यांनी हे मशीन टेम्पोत घालून आणलं होतं. घरोघरी मोबाईल आल्यावर दुकान बंद झालं, बाकीची मशीनं भंगारात गेली, हे एक मात्र काकांनी घरी पुढच्या खोलीत आणून ठेवलं. कारण त्याच्यावर पहिल्या क्रमांकाला त्यांच्या बायकोचं, मार्थाबाईंचं नाव होतं. या खेळात गुणांनी पहिल्या चारांत येणाऱ्याला आपल्या नावाची तीन अक्षरं घालता येतात. मशीन ती लक्षात ठेवतं आणि कुणी खेळत नसलं की पडद्यावर नावांची पानं आळीपाळीनं दाखवत राहतं. एम, ए, एस. मार्था ऑगस्टीन साळवे.

मार्थाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. पडदा जुना होऊन कडेचे ठिपके विझले होते. शीलाताईंच्या मनात होतं की नाताळापर्यंत तो रंगीत करावा आणि पप्पांना मम्मीचं नाव रंगात दिसावं.

मी सहज विचारलं, "मशीन रोज चालू असतं ना?"

"छे. मम्मी गेली तेव्हापासून पप्पांनी प्लग काढून, चादर टाकून ठेवलंय. नाताळात भाचेमंडळी येतात, कुणी खेळलं आणि रेकॉर्ड मोडलं तर? म्हणून कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

मी फोनवर एवढंच म्हणालो, "मी येईपर्यंत सुरू करू नका. मी उद्याच येतो."

कारण असं. मशीन ती नावं लक्षात ठेवतं ती आतल्या तीन पेन्सिल सेलवर. मशीन चालू असलं की सेलवर भार नसतो. प्लग काढला की सगळी आठवण त्या तीन सेलवर येते. ते आपले झिजत राहतात, आणि संपल्यावर बऱ्याचदा फुटून पाणी सोडतात. मशीन जपायचं म्हणून बंद ठेवणं म्हणजे आतलं नाव हळूहळू पुसणं. हे मशीनवर बाहेरून कुठंही लिहिलेलं नसतं. काकांनी दोन वर्षं जे केलं, ते जगातल्या कुठल्याही सरळ माणसानं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं राहुरीमार्गे निघालो. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडत होती आणि मी मनात हिशेब करत होतो. चांगल्या कंपनीचे, ताजे घातलेले सेल असतील तर दोन वर्षं निघू शकतात. थोडा जरी दाब उरला असेल, तरी मशीन चालू ठेवून सेल बदलले की नाव वाचतं. हिशेब जमत होता, पण ‘असेल तर’ फार होते.

ऑगस्टीनकाका दारातच उभे होते. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्या पिशवीकडं बघून म्हणाले, "रंगारी म्हनून आलात अन् ब्रश न्हाई?"

"ब्रश आहे काका, दात घासायचा. आतली धूळ काढायला."

"मंग बरंय. बसा. आधी च्या घ्या. मशीन कुटं पळून जातंय."

चहा घेताना त्यांनी मार्थाबाईंचा खेळ सांगितला. त्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या, ताटात तांदूळ निवडत. दुपारी पोरं नसली की ताट बाजूला सारायच्या, चपला काढायच्या आणि मशीनपुढं अनवाणी उभ्या राहायच्या.

"गोळीशी बोलायची ती," काका म्हणाले. "ये हिकडं मेल्या, कुटं चालला, असं. पोरं हसायची. मंग खेळ बघितला की गप. मी जन्मात तिच्या निम्मे गुन काढले न्हाईत. दुकान माझं, पन मशीन तिचं."

"रेकॉर्ड केलं तेव्हा तुम्ही होता?"

"तीच तर गंमत हाय. मी बाजारला गेल्तो. आलो तर गिऱ्हाईक सोडून समदी पोरं मशीनभवती, अन् ही नाव घालती. मला म्हनली, तुमी आत्ता आलात व्हय? झालं समदं." काकांनी कप खाली ठेवला. "खेळ काय मला घावला न्हाई. नाव तेवढं घावलं."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शीलाताई म्हणाल्या, "महिनाभर ऐकवत होती पप्पांना. भाजी आणायला गेले आणि भाजीपण शिळी आणली."

मग काकांनी चादर काढली. मी मागची पेटी उघडली. सेल बघितले आणि बसमधला हिशेब तिथंच संपला. तिन्ही सेलांना हिरवट पांढरा थर आला होता. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. एक एक करून तिन्ही बघितले, पुन्हा बघितले. मग थर घासून काढला, पुसून कोरडं केलं आणि नवे सेल घातले. पण ते आता पुढच्या नावांसाठी होते, मागच्यासाठी नव्हे.

मशीन सुरू करण्याआधी सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "काका, आतले सेल संपलेत. मशीन बंद असलं की नाव त्या सेलवरच टिकतं. आता नाव राहिलं असेल असं मला वाटत नाही."

काकांना राग आला नाही. ते मला समजावू लागले. "अवो, दोन वर्सं कुनी हात लावला न्हाई मशीनला. शीलाला इचारा. चादर मीच घालायचो, मीच झटकायचो. नाव जाईल कुटं?"

"पप्पा," शीलाताई म्हणाल्या.

"लावा बटन. पयलं तिचंच नाव येतंय बघा."

मी बटण लावलं. दिवे लागले, पडदा थरथरला. आधी एक सूचना आली, सगळं कारखान्यातल्यासारखं पूर्ववत केल्याची. मग समुद्र, मासे, पेटारा, आणि नावांची पानं. पहिलं पान. तीन अनोळखी अक्षरं, खाली गोल शून्यांचे गुण. मग दुसरं, तिसरं, चौथं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. सगळी पानं फिरून परत येईपर्यंत थांबले. "हे कोन?"

"मशीन ज्यांनी बनवलं त्या माणसांची अक्षरं. कारखान्यातून तशीच घालून येतात."

"म्हंजी परकेच."

"हो."

त्यांनी चादरीची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा लावून, अगदी नीट. आणि आतल्या खोलीत गेले.

मी पसारा आवरायला लागलो. शीलाताई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, एक विचारू? तुम्ही चित्रात रंग भरता, म्हणजे ठिपकेपण भरू शकता ना? त्या परक्या अक्षरांच्या जागी मम्मीची अक्षरं काढून टाका. कायमची."

करता येतं. पदराखालचा मजकूर झाकून वर हवं ते चित्र दाखवायला कार्ड समर्थ आहे. मी तसं सांगितलं. आणि हेही सांगितलं की मग पडदा एक म्हणेल आणि मशीनच्या पोटात दुसरंच असेल. उद्या कुणी खरंच पहिला आला, स्वतःची अक्षरं घातली, तरी वर मार्थाबाईच दिसतील.

"दिसू द्या की. कुणाचं काय जातंय? पप्पांना काय कळणार आहे?"

मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. छापखान्यात मी माणसांचे काळे डाग काढून गोरे फोटो केलेत, नवरदेवाला केस दिलेत. त्यात कधी माझं मन अडलं नाही. इथं का अडतंय ते मला त्या क्षणी सांगता येत नव्हतं.

ते काकांनी सांगितलं. ते दारात येऊन उभे होते. "शीला, मशीन हालवून गोळी फिरवायची समदी पोरं. जास्त हालवलं की खेळ बंद पडतोय, पन बेतानं हालवलं की चालतंय. तुझ्या मम्मीनं एकदापन मशीनला धक्का दिला न्हाई. तिच्या नावानं खोटं नगं."

"मग काहीच राहिलं नाही पप्पा तिचं त्याच्यावर."

"न्हाई राहिलं," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "तुमी आलात तर रंगाचं काम करा. चादर आता घालायची न्हाई. लोकांनी खेळलं तर खेळू द्या."

मी जुन्या पडद्याची मापं घेतली आणि परतलो.

काम तसं तयारच होतं. राहिली होती नावांची पानं. ती मी नियमाप्रमाणं केली, अक्षरांवर आणि गुणांवर पदर घालून, म्हणजे कुणाचंही नाव आलं तरी पान पिवळ्या-पांढऱ्या रंगात उजळावं. आणि मग एक गोष्ट नियम मोडून केली. त्याच पानांचा आणखी एक संच काढला आणि त्याच्यात पदर फक्त गुणांवर घातला. अक्षरं उघडी ठेवली. एम, ए, एस. नवशिके चुकून करतात ते मी ठरवून केलं. ही पानं त्या तीन अक्षरांशिवाय दुसऱ्या कशालाही ओळखणार नाहीत. कुणी खरंखुरं खेळून, पहिल्या चारांत येऊन ती अक्षरं घातली तरच उजळतील. मशीनच्या पोटात असेल तेच पडदा सांगेल. यात खोटं काही नव्हतं.

रंगासाठी शीलाताईंना फोन केला. आईचा आवडता रंग विचारला. "चर्चला जायची तिची मोरपंखी साडी होती. जरीचा काठ." मोरपंखी एलईडीवर काढणं कठीण. दिव्याला गडद रंग ठाऊक नसतो. कमी उजेड म्हणजेच त्याचा गडदपणा. हिरवा जास्त झाला की पान पोपटी दिसतं, निळा वाढला की आकाश. लाल अगदी थोडा घातल्यावर कुठं ते कापड दिसू लागलं. काठाला एका ठिपक्याच्या जाडीची जर काढली. सुनंदा मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "ही कुणाची साडी?" मी सांगितलं. ती पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "काठ जरा बारीक करता येईल का?" एका ठिपक्याहून बारीक करता येत नाही, हे तिला सांगावं लागलं.

नाताळाच्या आधी जाऊन पडदा बसवला. निळ्या पाण्यात मासे फिरले तेव्हा काका म्हणाले, "झ्याक हाय," आणि शेजारच्यांना बोलवायला गेले. त्या वेळात मी शीलाताईंना मोरपंखी पानांबद्दल सांगितलं. सांगावं की नाही ते त्यांच्यावर सोपवलं. खरं सांगायचं तर काका ती अक्षरं घालतील याची मला खात्री होती. आपण खेळून बायकोचं नाव घालायचं, एवढी वाट तरी मी माणसाला करून दिली, असं मला वाटत होतं, आणि त्या समाधानात मी बरेच दिवस होतो.

उन्हाळ्यात श्रीरामपूरला एका दुकानाच्या बोर्डाच्या दुरुस्तीला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. पुढच्या खोलीत काका मशीनपुढं उभे होते. गल्लीतली दोन-तीन माणसं खुर्च्यांवर बसून बघत होती.

"ऑगस्टीन, डावं पातं. डावं," एक जण म्हणत होता.

"मला डोळं हायत. तू तुजा च्या पी."

गोळी गेली. पडद्यावर नावांची पानं फिरू लागली. पहिली तीन कारखान्यातली. चौथ्या पानावर नवीन अक्षरं होती. ए, पी, एस. ऑगस्टीन पीटर साळवे. साध्या पिवळ्या-पांढऱ्या रंगात.

मी विचारलं, "काका, शीलाताईंनी तुम्हाला सांगितलं नाही का, त्या दुसऱ्या पानांचं?"

"सांगितलं ना. मम्मीची अक्षरं घातली की मोरपंखी व्हतंय म्हनली."

"मग घातली का नाहीत?"

काकांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "डाव माझा हुता," म्हणाले. मग दांडा मागं ओढला आणि गोळी वर सोडली.

मी खुर्ची ओढून बसलो आणि तो डाव शेवटपर्यंत बघितला. गुण फार झाले नाहीत.